ग्रंथ लोपला, मखमल उरली

उत्सवाचे दिवस जवळ आले की घरोघरी पेट्या उघडल्या जातात आणि वर्षभर घडीत विसावलेली वस्त्रे वाऱ्याला बाहेर काढली जातात. पैठणी, शालू, पीतांबर यांची कुळकथा आपल्या गृहिणींना मुखोद्गत असते. परंतु त्यांच्याच शेजारी एखादे वस्त्र असे निघते, की ज्याच्या कुळाविषयी आपण कधी विचारच केलेला नसतो. ते वस्त्र म्हणजे मखमल. देवाच्या बैठकीवर ती असते, तान्ह्या बाळाच्या कुंचीला ती असते, दागिन्यांच्या डबीला आतून अस्तर तिचेच असते. हात फिरवला की मऊ लागते, एका बाजूने पाहिले तर गडद दिसते, दुसऱ्या बाजूने पाहिले तर झळकते, एवढीच आपली तिच्याशी ओळख.

आज या मखमलीच्या एका दूरच्या, परंतु थोर घराण्याची कथा वाचकांपुढे ठेवावयाची आहे. हे घराणे चीन देशातले. शुद्ध रेशमाची मखमल विणणाऱ्या आणि तिची राजवस्त्रे घडविणाऱ्या विणकरांचे. या कथेत एक मोठा पंडित आहे. ही कला नष्ट झाली तरी चालेल, असे त्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. आणि या कथेत ते विणकरही आहेत, ज्यांच्या कानांवर त्याचा निवाडा कदाचित गेलाही नसेल. पुढे काळाने कोणाच्या बाजूने कौल दिला, हे पाहण्यासारखे आहे. कारण विद्या कशाने टिकते, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

नावातच लव आहे

शब्द हा वस्तूचा पहिला साक्षीदार होय. चिनी रेशीम आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेय आणि चीनपट्ट ही वस्त्रे चीनभूमीत होणारी म्हणून सांगितली आहेत. महाकवी कालिदासाने शाकुंतलाच्या पहिल्या अंकाचा शेवट करताना ध्वजावरच्या चीनांशुकाची उपमा योजिली आहे. ‘अंशु’ म्हणजे किरण आणि ‘अंशु’ म्हणजे धागाही. गुळगुळीत, पाणीदार, प्रकाश परतवून लावणाऱ्या वस्त्राला याहून नेमके नाव कोणते द्यावे?

परंतु मखमल म्हणजे चीनांशुक नव्हे. रेशीम तेच, पण पोत अगदी निराळा. मखमलीला अंगभर लव असते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावरून फिरणारा तो लालभडक किडा ज्यांनी लहानपणी तळहातावर घेतला असेल, त्यांना लव म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. आपला मखमल हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘खम्ल’ या अरबी शब्दाचा अर्थ लव असाच आहे. युरोपीय भाषांतील ‘वेल्व्हेट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ केसांचा झुबका. आणि चिनी भाषेत या वस्त्राला म्हणतात ‘तियान-अ-रोंग’. ‘तियान-अ’ म्हणजे हंस आणि ‘रोंग’ म्हणजे मऊ लव. हंसाच्या पोटाखालच्या मऊ पिसांचे नाव या वस्त्राने धारण केले आहे! तीन निरनिराळ्या संस्कृतींनी एकाच वस्त्राला स्पर्शावरूनच नाव दिले. चीनांशुकाचे नाव डोळ्यांनी ठेवले. मखमलीचे नाव हातांनी ठेवले.

भूमीने सांभाळलेले पुरावे

या कलेचे मूळ कोठे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. चीनच्या बाजूने बोलणारा सर्वांत जुना साक्षीदार जमिनीतून निघाला. १९७२ साली हुनान प्रांतातील चांगशा नगराजवळ मावांगद्वी येथे एका सरदारपत्नीची समाधी उघडण्यात आली. ही स्त्री इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. तिच्यासमवेत ठेवलेली रेशमी वस्त्रे दोन हजार वर्षे अंधारात टिकून राहिली होती. अवघ्या ४९ ग्रॅम वजनाचा एक विरळ झगा त्यांत होता, ज्याची कीर्ती जगभर झाली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच समाधीतील दुसरे एक कापड अधिक महत्त्वाचे. हे जरा जाड, नक्षीदार असून त्याच्या पृष्ठभागावर रेशमाचे बारीक वेढे उभे राहिलेले आहेत. वस्त्रांच्या काठांना ते लावलेले आढळले.

वेढे उभे करण्याची युक्ती म्हणजे मखमलीच्या कलेची अर्धी वाट. उरलेली अर्धी वाट म्हणजे ते वेढे कापून त्यांची लव करणे. तेराव्या-चौदाव्या शतकांत चीनवर मंगोल सम्राटांचे राज्य होते. त्या राजवंशाच्या इतिहासग्रंथात सम्राटाच्या हिवाळी पोषाखांची यादी दिली आहे. तीत जरीच्या वस्त्राबरोबर एका कापडाचे परदेशी वळणाचे नाव येते आणि ‘कापलेली लव’ असा त्याचा अर्थही दिलेला आहे. म्हणजे कापलेल्या लवेचे वस्त्र तोवर राजदरबारी पोहोचले होते. परंतु चीनच्या विणकराने ते आपलेसे करून त्याला स्वतःच्या गावाचे नाव दिले, ते आणखी पुढे. आणि तेही समुद्रकिनाऱ्यावर.

मिरी, चांदी आणि रेशीम

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर फुजियान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. शेतीला जमीन थोडी आणि पुढ्यात अथांग समुद्र. तेव्हा तेथील माणूस व्यापारी आणि नाविक झाला यात नवल नाही. या प्रांतातील झांगझोऊ हे आपल्या कथेचे मुख्य स्थान. त्याच्या जवळच युएगांग, म्हणजे चंद्राचे बंदर, होते. मिंग राजवंशाने समुद्रव्यापारावर दीर्घकाळ निर्बंध घातले होते. १५६७ साली ते शिथिल झाले आणि युएगांगमधून परदेशी व्यापाराला अधिकृत वाट मिळाली. १५७१ साली स्पॅनिश लोकांनी मनिला येथे आपले ठाणे वसवले. मग अमेरिकेतील खाणींची चांदी मनिलात येई आणि फुजियानची गलबते तिच्या बदली रेशीम देऊन ती घरी नेत.

दुसरी वाट आपल्या गोमंतकातून जात होती. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतले आणि १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे पाय रोवले. गोव्याहून निघालेले मोठे गलबत मलाक्का, मकाव करीत जपानच्या नागासाकीपर्यंत जाई आणि त्याच्या पोटातील मोलाचा माल म्हणजे चिनी रेशीम. या दोन वाटांनी रेशीम चीनबाहेर गेले, तशी युरोपची मखमल चीनच्या किनाऱ्याला लागली. इटली आणि स्पेन येथील विणकर या कलेत तेव्हा निष्णात होते.

मिंग सम्राट वानली याच्या काळातील झांगझोऊच्या स्थानिक इतिहासग्रंथात या वस्त्राची नोंद आहे. ही हंसलव मूळची परदेशी. परंतु आता आमच्या गावचे लोक ती विणतात, विणताना आत लोखंडी तारा घालतात आणि विणून झाल्यावर कापून लव काढतात, असा तिचा आशय आहे. विणकामाचे कौतुक करताना, ते निसर्गाच्या कारागिरीशी बरोबरी करते असेही ग्रंथकाराने म्हटले आहे. परक्याची विद्या घेतली, हे मोकळेपणाने सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. घेतलेल्या विद्येत आपण काय भर घातली, हे त्याला ठाऊक होते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. चीनमध्ये या वस्त्राला ‘जपानी साटीण’ असेही म्हणत. जपानमध्ये मात्र त्याला ‘बिरोदो’ म्हणतात आणि हा शब्द पोर्तुगीज ‘वेलुदो’चा अपभ्रंश होय. जपानी विणकरांत अशी कथा सांगितली जाते की, बाहेरून आलेल्या एका मखमलीच्या तुकड्यात चुकून एक तार राहून गेली होती. ती पाहिली आणि साऱ्या कलेचे गुपित उलगडले. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवावे, अशी ही वंशावळ! चांगल्या वस्तूला अनेक माहेरे असतात, हेच खरे.

पंडिताचा निवाडा

आता त्या पंडिताकडे वळू. त्याचे नाव सुंग यिंगशिंग. जन्म १५८७ सालचा, जियांगशी प्रांतातला. प्रांताची परीक्षा उत्तीर्ण होऊनही राजधानीतील श्रेष्ठ परीक्षेत त्याला पुनःपुन्हा अपयश आले. परंतु त्या प्रवासांत त्याने शेते पाहिली, खाणी पाहिल्या, भट्ट्या पाहिल्या, माग पाहिले. १६३७ साली त्याने ‘तियानगोंग काइवू’ हा ग्रंथ सिद्ध केला. धान्य, मीठ, साखर, कागद, धातू, गलबते, वस्त्रे, अशा मानवी उद्योगांचा हा सचित्र कोश होय. पंडितांनी हातकामाकडे तुच्छतेने पाहण्याच्या त्या काळात कारागिरांवर ग्रंथ लिहिणारा हा पुरुष आदरास पात्र आहे, यात शंका नाही.

मखमलीविषयी त्याने जे लिहिले त्याचे तात्पर्य असे. हे वस्त्र पूर्वेकडील परकीयांचे. झांगझोऊ आणि क्वानझोऊ येथील किनाऱ्यावरचे लोक त्याची नक्कल करतात. रेशीम दूरच्या सेचुआन प्रांतातून येते. व्यापारी हजारो मैलांवरून ते आणतात आणि त्याच्या मोबदल्यात मिरी घेऊन घरी परततात. धागे आधी रंगवून घेतात. काही बोटे कापड विणून झाले की ते खरवडून काळी झळाळी आणतात. उत्तर सीमेवरच्या बाजारात येणाऱ्या भटक्या जमातींना हे फार आवडले. परंतु हे वस्त्र लवकर मळते. टोपीला लावावे तर क्षणात धूळ बसते. गळपट्टीला लावावे तर दुसऱ्या दिवशी झिजते. आता देशी-परदेशी सारेच याला हलके मानू लागले आहेत. पुढे हे टाकाऊच होणार. तेव्हा याची विणण्याची रीत पुढच्या पिढीला दिली नाही तरी चालेल!

हा निवाडा अगदीच निराधार नव्हता. मखमलीवर धूळ बसते, हे तिच्याशी ज्याचा संबंध आला त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाकण्या-घासण्याच्या ठिकाणी तिची लव झडते, हेही खरे. उपयुक्ततेच्या तराजूत त्याने वस्त्र तोलले आणि ते त्याला हलके वाटले. परंतु त्या तराजूच्या एका पारड्यात एक वस्तू ठेवावयाची राहून गेली होती. ती वस्तू म्हणजे विणकराचा हात.

मागावर काय घडते

साध्या कापडात ताणा एक आणि बाणा एक. मखमलीच्या मागावर ताणे दोन असतात. एक जमिनीचा ताणा. त्याने कापडाचे अंग तयार होते. दुसरा लवेचा ताणा. तो कित्येक पट अधिक लांब घ्यावा लागतो, कारण त्याचे वेढे व्हावयाचे असतात. विणकर पावडी दाबून धोटा फेकतो, तीनएक आडवे धागे घालतो; मग लवेचा ताणा तेवढा वर उचलतो आणि त्याच्याखालून धाग्याऐवजी एक बारीक तार सरकवतो. पुन्हा आडवे धागे, पुन्हा तार. लवेचा प्रत्येक धागा तारेवरून वेढा घेऊन खाली उतरतो. कापडावर ओळीने तारा दिसू लागतात.

आता धारदार पाते हाती घ्यावयाचे आणि तारेच्या माथ्यावरून सरळ ओढावयाचे. वेढे मधोमध कापले जातात, तार मोकळी होते आणि रेशमाची टोके उभी राहून लव फुलते. पाते किंचित खोल गेले तर जमिनीचा ताणा तुटला. किंचित कलले तर लव उंचसखल झाली. येथे उसवून पुन्हा विणण्याची सोय नाही. इतर कापडात सौंदर्य धागा जोडण्याने येते. येथे ते धागा तोडण्याने येते. आणि ज्या तारेच्या आधारावर हे सारे उभे राहिले, ती तार अखेरीस बाहेर काढून घेतली जाते. पाहणाऱ्याला ती कधी दिसतही नाही.

झांगझोऊच्या विणकरांनी नक्षीसाठी एक सुंदर रीत योजिली. सगळ्या वेढ्यांत तारा असतानाच कापडावर आकृती रेखाटावयाची आणि आकृतीच्या भागातलेच वेढे कापावयाचे. मग उरलेल्या तारा ओढून घ्यावयाच्या. कापलेल्या जागी गडद लव आणि न कापलेल्या जागी फिकट वेढे. रंग एकच, परंतु फुले, पाने, ढग उमटून येतात.

पुढे सूझोऊ आणि नानजिंग येथे याहून अवघड प्रकार भरभराटीस आला. गुळगुळीत साटिणीची जमीन आणि तिच्यावर नक्षीपुरतीच लव. याला ‘झांगदुआन’, म्हणजे झांगझोऊचे साटीण, असे नाव पडले. विणले जाई सूझोऊ-नानजिंगला, पण नाव झांगझोऊचे! येवल्यात विणलेल्या वस्त्रालाही आपण पैठणीच म्हणतो, तसाच हा प्रकार. या कापडात लवेचा प्रत्येक धागा नक्षीप्रमाणे कमीजास्त खर्ची पडतो. त्यामुळे साऱ्या धाग्यांची एकच गुंडाळी चालत नाही, प्रत्येक धाग्याला स्वतंत्र कांडी लागते. मागाच्या माथ्यावर एक सहकारी बसतो आणि नक्षीच्या क्रमाने दोऱ्या ओढून धागे उचलून देतो; खाली बसलेला विणकर तार घालतो, विणतो, कापतो. दोघांचा ताल चुकला की नक्षी चुकली. दिवसभर खपून कापड वाढते ते वितीच्या मापाने.

अंगावरची मखमल

ज्या वानली सम्राटाच्या काळी झांगझोऊच्या विणकरांची कीर्ती झाली, तो १६२० साली निवर्तला. बीजिंगनजीकची त्याची समाधी १९५६ ते १९५८ या काळात उत्खनन करून उघडण्यात आली. तेथे सम्राट आणि त्याच्या दोन सम्राज्ञी यांच्यासमवेत ठेवलेली वस्त्रे निघाली. त्यांत दोन्ही अंगांनी लव असलेल्या मखमलीची स्त्रियांची वस्त्रेही होती. त्या उत्खननात सापडलेली कितीतरी वस्त्रे बाहेरची हवा लागल्यावर लवकर बिघडली. रेशीम हे दगडासारखे नाही. ते काळजी मागते.

१६४४ साली मिंग घराणे कोसळले आणि मांचू घराण्याची सत्ता आली. हे लोक थंड उत्तरेकडचे, घोडेस्वारीत वाढलेले. सुंग यिंगशिंगने ज्या उत्तरेच्या लोकांना मखमल आवडते म्हणून सांगितले होते, त्याच दिशेचे नवे राज्यकर्ते आले आणि मखमलीला पुन्हा मानाचे दिवस आले. दरबारातील पोषाख ऋतूप्रमाणे ठरलेले असत. उन्हाळ्यात विरळ जाळीदार रेशीम, थंडीत अस्तराची, कापूस भरलेली आणि केसाळ चामड्याची वस्त्रे. थंडीच्या त्या पोषाखांत मखमलीला स्थान मिळाले. लांब झग्यावर घालावयाचे ‘मागुआ’ नावाचे आखूड अंगरखे, स्त्रियांच्या बिनबाह्यांच्या बंड्या, टोप्या आणि जोडे यांसाठी ती वापरली गेली. कमळ, फुलपाखरे, वटवाघळे, दीर्घायुष्याची अक्षरे अशी मंगलचिन्हे तिच्यावर विणली जात. खुर्च्यांची आच्छादने आणि बैठका यांनाही ती लागे. तिबेटातील सरदार घराण्यांच्या वस्त्रांतही चिनी रेशमी कापडांबरोबर मखमल गेली.

येथे शिवणकामाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मखमलीला दिशा असते. लव एका अंगाला कललेली असते. म्हणून वस्त्राचे सर्व तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात, नाहीतर एक बाही काळसर आणि दुसरी फिकट दिसते. लव वरच्या दिशेने ठेवून बेतले तर रंग अधिक खोल दिसतो, कारण पाहणाऱ्याची दृष्टी लवेच्या टोकांतून आत शिरते आणि प्रकाश आतच जिरतो. शिवताना लवेवर लव सरकते, म्हणून आधी कच्चे टाके घालावे लागतात. हे पाहता चिनी पोषाखाची बेतणी मखमलीला किती मानवली असेल! सरळ, सपाट कापलेले अंग, रुंद बाह्या, थोड्या शिवणी. लवेला कमीत कमी चिरे पडत. काही वस्त्रांचे कापड तर मागावरच अंगरख्याच्या आकाराने नक्षी मांडून विणले जाई. शिंप्याने फक्त रेषेवर कापावयाचे. विणकर आणि शिंपी यांनी एकमेकांचा विचार केल्याशिवाय असे वस्त्र होत नाही.

काळाचा कौल

आणि त्या ग्रंथाचे काय झाले? ज्या ग्रंथाने मखमलीला विस्मृतीचा शाप दिला, तो ग्रंथच त्याच्या मायदेशी विस्मृतीत गेला! मांचू राजवटीत राजाज्ञेने प्रचंड ग्रंथसंग्रह सिद्ध झाला, त्यात त्याला स्थान मिळाले नाही. त्याच्या प्रती दुर्मिळ होत गेल्या. मात्र जपानमध्ये तो वाचला जात होता. १७७१ साली तेथे तो पुन्हा छापलाही गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी विद्वानांना आपल्या या ग्रंथाचा लाभ पुन्हा झाला, तो त्या जपानी प्रतीच्या आधारे. ज्या वस्त्राला ‘जपानी’ म्हणून परके मानले गेले, त्याच जपानने त्याचा ग्रंथ सांभाळला.

त्या साऱ्या काळात सूझोऊ-नानजिंगच्या मागांवर मखमल विणली जात होती. त्या विणकरांजवळ ग्रंथ नव्हता. बापाने मुलाचा हात हातात घेऊन पाते किती दाबावे हे दाखवले आणि मुलाने नातवाला दाखवले. आम्हां कीर्तनकारांना ही गोष्ट चटकन उमगते. पद पुस्तकात सापडते. पण ते कोठे उचलावे, कोठे थांबावे, झांजेला खूण केव्हा करावी, हे गुरूच्या मागे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शास्त्र पानावर राहते. प्रयोग हातात आणि कंठात राहतो. पान हरवले तर दुसऱ्या देशात सापडू शकते. हात हरवला तर शोधावा कोठे?

आजची मखमल

हा प्रश्न केवळ अलंकारिक नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात यंत्राने मखमल विणण्याची नवी युक्ती निघाली. दोन कापडे समोरासमोर एकदम विणावयाची, लवेचा धागा दोहोंच्या मध्ये ये-जा करावयाचा आणि यांत्रिक पात्याने मधून चिरून दोन मखमली वेगळ्या करावयाच्या. तार नको, हाताचे पाते नको. विसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून केलेले रेयॉन आले आणि रेशमाची जागा घेऊ लागले.

चीनच्या स्त्रियांनी मखमल सोडली नाही. १९२० नंतर शांघायमध्ये अंगाबरोबर बसणारा, उंच गळपट्टीचा ‘चिपाओ’ हा पोषाख रूढ झाला, तेव्हा थंडीसाठी तो मखमलीचा शिवत. विवाहप्रसंगी वधूवरांच्या माता मखमली चिपाओ घालतात, ही रीत आजही दिसते. रेशमी विरळ जमिनीवर रेयॉनची लव विणून, आम्लयुक्त लेप लावून नक्षीबाहेरची लव जाळून टाकावयाची, असाही एक प्रकार निघाला. रेशीम त्या लेपाला दाद देत नाही, रेयॉन मात्र जळून झडते आणि पारदर्शक जमिनीवर मखमली फुले उरतात.

परंतु वाचकांनी एक गोष्ट जाणून असावी. बाजारात ‘रेशमी मखमल’ म्हणून जी मिळते, तीत पुष्कळदा मागची जमीन तेवढी रेशमाची आणि लव रेयॉनची असते. वजनाने सुमारे ८२ टक्के रेयॉन आणि १८ टक्के रेशीम, असे तिचे प्रमाण नेहमी आढळते. आपल्याकडे देवघरासाठी वा मुलाबाळांसाठी घेतली जाणारी स्वस्त मखमल तर बहुधा पॉलिएस्टरची असते. ती वापरण्यात दोष नाही. दोष आहे तो एकाचे नाव दुसऱ्याला देण्यात. परीक्षा सोपी आहे. शिवणीच्या आतून लवेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, सावधपणे ज्योतीला लावावे. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. रेयॉन असेल तर कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर असेल तर ते वितळून त्याचा कठीण मणी होतो.

घरात खरी रेशमी मखमल असेल तर तिच्यावर उलथून इस्त्री फिरवू नये, सुलट बाजूने तर नाहीच नाही. वाफेवर धरली की चुरगळलेली लव आपोआप उठते. घट्ट घडी घालू नये. धूळ झटकताना मऊ कुंचला लवेच्याच दिशेने चालवावा. कडक उन्हात वाळत घालू नये. सुंग यिंगशिंगची धुळीची तक्रार खरी होती. तिला उत्तर टाकून देणे हे नसून जपणे हे आहे.

चीनमध्ये हाताने तार घालून मखमल विणणारे आता फार थोडे उरले आहेत. २००९ साली युनेस्कोने चीनच्या रेशीमउद्योगाचा आणि रेशीमकलेचा मानवजातीच्या वारशात समावेश केला, हे योग्यच झाले. सूझोऊ आणि नानजिंग येथे जुन्या पद्धतीचे माग चालते ठेवण्याचे प्रयत्न होत आहेत. परंतु परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. तेव्हा ग्रंथ दुर्मिळ होता आणि हात पुष्कळ होते. आज ‘तियानगोंग काइवू’ अनेक भाषांत उपलब्ध आहे, वस्त्रे संग्रहालयांत काचेआड सुरक्षित आहेत आणि पाते चालवणारे हात मात्र बोटांवर मोजण्याजोगे राहिले आहेत.

मखमलीतील तार कोणालाही दिसत नाही, हे आपण पाहिले. वेढ्याला उभे करून ती निघून जाते आणि जग लवेचे कौतुक करते. शिकवणारा गुरू, मागावर वाकलेला बाप, रात्री दिव्याशी बसून धागे कांडीवर भरणारी आई, ही सारी माणसे त्या तारेसारखीच. येत्या उत्सवात पेटीतून एखादे जुने हातविणीचे वस्त्र निघाले, मग ते मखमलीचे असो वा आपल्या येवल्याचे, तर त्यावर हात फिरवताना क्षणभर थांबावे. ते कोणी विणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, आणि विणणारे हात अद्याप कोठे कामात असतील तर पुढचे वस्त्र त्यांच्याकडूनच घ्यावे. वस्त्र जपणे चांगले. परंतु विणणाऱ्याच्या मागावर काम ठेवणे हे त्याहून मोठे जपणे होय.